बंदीनंतरचा खातेउतारा

आमच्या पतसंस्थेत कर्जाच्या अर्जावर एक रकाना असतो : कर्जाचे कारण. घरदुरुस्ती, मुलीचं शिक्षण, आईचं ऑपरेशन, भावाचं लग्न. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, पगारदार नोकरांच्या या पतसंस्थेच्या कर्ज समितीवर मी बारा वर्षं आहे. या रकान्यातले शब्द बारा वर्षांत बदललेले नाहीत. बदलले ते अर्जाला जोडलेले खातेउतारे.

पूर्वी सहा महिन्यांचा उतारा तीन-चार पानांत मावायचा. पगार जमा, हप्ता वजा, वीजबिल, किराणा, शाळेची फी. गेल्या पाच-सहा वर्षांत काही उतारे तीस-चाळीस पानांचे येऊ लागले. यूपीआयमुळे चहाचे दहा रुपयेही उताऱ्यावर दिसतात, त्यामुळे पानं वाढणार हे धरूनच आम्ही चाळायचो. पण एका तरुण सभासदाचा उतारा मला आजही आठवतो. नोकरीला सहा वर्षं झालेली, कामाला चोख, दोन सहकाऱ्यांनी जामीनदार म्हणून सह्या केलेल्या. एक तारखेला पगार जमा आणि चार तारखेला खात्यात शिल्लक शंभरच्या आत. मधल्या तीन रात्रींत दोनशे, पाचशे, पाचशे, हजार, पुन्हा पाचशे, अशा ओळीच्या ओळी, आणि सगळ्यांपुढे त्याच त्या दोन कंपन्यांची नावं. एके रात्री बारा ते तीनच्या दरम्यान तेवीस व्यवहार होते. अर्जावर कारण होतं घरदुरुस्ती.

आम्ही कर्ज मंजूर केलं. हे सांगितलं पाहिजे, कारण तेव्हा आमच्यापैकी कुणालाही त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही. पगार चालू होता, कपात पगारातूनच होणार होती, जामीनदार पक्के होते. फोनवर पैसे लावून रमी खेळतो म्हणे, एवढंच कुणीतरी म्हणालं आणि पुढचा अर्ज काढला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, पुरवायला बंदी. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. बँकांनी आणि पेमेंट कंपन्यांनी असे व्यवहार करायचे नाहीत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. शेवटच्या तरतुदीचं मला मनापासून कौतुक आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने अड्ड्यावर सापडलेल्या माणसालाही गुन्हेगार ठरवलं होतं. नव्या कायद्याने त्याला निदान बळी मानलं.

कायदा संमत झाला आणि काही दिवसांतच मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचं ड्रीम इलेव्हनचं नाव गेलं. सप्टेंबरमधल्या आशिया चषकात आपले खेळाडू प्रायोजकाच्या नावाविना जर्सी घालून खेळले. याने व्यसन कमी होणार का, हा प्रश्न तेव्हापासून मला गावात, नात्यात, पतसंस्थेत अनेकांनी विचारला आहे. ज्यांना विचारायचं धाडस होत नाही त्यांचे खातेउतारे तो विचारतात.

माझं मत असं आहे. जो अजून खेळायला लागलेला नाही त्याला ही बंदी वाचवेल, आणि ती संख्या मोठी आहे. जो आत अडकलेला आहे त्याला ती वाचवणार नाही. उलट तो जास्त अंधारात जाईल. सरकारने पहिलं काम केलं. दुसरं काम सुरूदेखील झालेलं नाही, आणि ते करण्याची सगळ्यात चांगली संधी आपण त्याच ऑगस्टमध्ये घालवली.

आधी पहिल्या भागाबद्दल, कारण बंदीचा काहीच उपयोग नसतो असं म्हणणारे सुशिक्षित लोक मला पटत नाहीत. बंदी घातली की सगळे चोरून खेळतात, हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण नॉर्वेत काय झालं ते पाहा. तिथे दुकानांत, पेट्रोल पंपांवर, रेल्वे स्टेशनांवर नाणं टाकून खेळायची यंत्रं होती. २००६ मध्ये त्यांत नोटा टाकायची सोय काढून घेतली आणि १ जुलै २००७ पासून यंत्रंच हटवली. जुगाराच्या मदतवाहिनीवर येणारे फोन कमी झाले. पाहण्यांमध्ये खेळणाऱ्यांचं आणि अडचणीत सापडलेल्यांचंही प्रमाण घटलं, आणि यंत्रावरचे लोक लोंढ्याने दुसऱ्या कुठल्या जुगाराकडे वळले असंही दिसलं नाही. पुढे नवी यंत्रं आली ती सरकारी कंपनीची. प्रत्येकाचं स्वतःचं कार्ड आणि हरण्याची ठरलेली मर्यादा असल्याशिवाय ती चालतच नाहीत.

यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जुगार सोपा, जवळ आणि वेगवान असेल तर व्यसन वाढतं. तो अवघड, दूर आणि संथ केला की घटतं. आपल्याकडे मटका होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-मिटत्या भावांवर आकडा लावण्यापासून सुरुवात झाली, साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी त्याचा धंदा उभा केला, आणि गिरणगावात त्याने घरं बुडवली. मटका सदैव बेकायदा होता तरी चालला, म्हणून बंदी निकामी, असा दाखला दिला जातो. पण मटक्याला दिवसात दोन वेळा होत्या, ओपन आणि क्लोज. आकडा लावायला टपरीपर्यंत चालत जावं लागायचं. खिशात रोख असावी लागायची. चिठ्ठी फाडून दिली की निकालापर्यंत तासन्‌तास थांबावं लागायचं, आणि त्या वेळात माणूस कामावर जायचा, जेवायचा, बायकोशी भांडायचा, झोपायचा. घर बुडायला महिने लागायचे. फोनवरच्या रमीचा डाव काही मिनिटांत संपतो, दुसरा लगेच उघडतो, पैसे अंगठ्याने भरता येतात आणि दार रात्रभर उघडं असतं. आमच्या सभासदाचे एका रात्रीत तेवीस व्यवहार झाले. मटक्यात तेवीस वेळा आकडा लावायला त्याला अकरा-बारा दिवस लागले असते.

म्हणून तमिळनाडूने केलेला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटला होता. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पैशांचे खेळ बंद, आधार पडताळणी सक्तीची, बराच वेळ खेळणाऱ्याच्या पडद्यावर वेळेचा इशारा. कंपन्या कोर्टात गेल्या आणि जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवले. खेळ बंद न करता त्याच्या वेगाला खीळ घालणारा हा उपाय होता. किती रात्री त्याने वाचवल्या असत्या हे पाहायला अवधीच मिळाला नाही, कारण अडीच महिन्यांत केंद्राचा कायदा आला.

कंपन्यांची बाजू म्हणजे कौशल्याची बाजू. या वादाचं मूळ आपल्याच राज्यात आहे. १९४८ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने बक्षिसांच्या स्पर्धांवर कर लावला. बंगळूरहून निघणाऱ्या एका वर्तमानपत्राची शब्दकोड्यांची स्पर्धा इथे लोकप्रिय होती, तिच्या चालकांनी आव्हान दिलं, आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात सांगितलं की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. त्याच वर्षी दुसऱ्या निकालात असंही सांगितलं की ज्या स्पर्धेत कौशल्याचा भाग मोठा आहे ती जुगारात मोडत नाही. १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला. या दोन-तीन निकालांच्या पायावर पुढे अब्जावधींचा धंदा उभा राहिला. तमिळनाडूने २०२१ मध्ये आणि कर्नाटकाने त्याच वर्षी घातलेली बंदी उच्च न्यायालयांनी रद्द केली ती याच मुद्द्यावर.

कायद्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा असेल. मेंदूच्या दृष्टीने तो जवळजवळ निरर्थक आहे. मधूनमधून, कधी ते कळणार नाही अशा बेताने मिळणारं बक्षीस माणसाला सर्वांत घट्ट बांधतं, आणि थोडक्यात हुकलेला डाव जिंकलेल्या डावाइतकाच पुढे ओढतो. पत्ते वाटले जाणं नशिबाचं आहे की टाकणं हुशारीचं, याने त्यात फरक पडत नाही. उलट कौशल्याचा समज जास्त घातक ठरतो. लॉटरी हरलेला माणूस नशिबाला दोष देऊन थांबू शकतो. रमी हरलेल्याला वाटतं, माझीच चूक झाली, पुढच्या डावात सुधारतो. आमच्या त्या सभासदाने मला नंतर अगदी हेच सांगितलं. ‘‘साहेब, मला खेळ येतो हो. शेवटचे दोन महिनेच वाईट गेले.’’ तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखर तसंच वाटत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या यादीत जुगाराचा विकार व्यसनांबरोबर मांडलेला आहे, आणि तिथे खेळ कौशल्याचा होता का असा प्रश्न नाही. त्यामुळे नव्या कायद्याने हा भेद पुसला ते बरं झालं असं मी मानतो. हा कायदा कोर्टात टिकेल की नाही ते न्यायालय ठरवेल.

जाहिरातीवरच्या बंदीने बहुधा सर्वांत जास्त जीव वाचतील. सामना पाहायला बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाला त्याचा लाडका फलंदाज सांगत होता की टीम बनव, पैसे जिंक. जाहिरातीच्या शेवटी कुणीतरी धापा टाकल्यासारखं म्हणायचं की यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. कामावरचे निम्मे तरुण कधीतरी पन्नास रुपये लावून पाहायचे ते या जाहिरातींमुळे, आणि त्या निम्म्यांतूनच काहीजण आत ओढले जायचे. आता कामावर लागलेली पोरं या पन्नास रुपयांपर्यंत पोहोचत नाहीत. दिवाळीनंतर आमच्याकडे पहिल्यांदाच कर्ज मागायला आलेल्या दोन नव्या सभासदांचे उतारे मी मुद्दाम पाहिले. चहा, पेट्रोल, रिचार्ज, गावी पाठवलेले पैसे. दोन उताऱ्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, तरी ते पाहून बरं वाटलं.

त्याच सुमारास त्या जुन्या सभासदाचा दुसरा अर्ज आला. तातडीचं कर्ज, कारण आजारपण. उतारा या वेळी बारीक होता, सतरा-अठरा पानांचा. त्या दोन्ही कंपन्यांची नावं ऑगस्टअखेर संपली होती. सप्टेंबरचे पहिले दहा दिवस जवळपास कोरे. आणि मग अकरा तारखेपासून माणसांची नावं. रोज वेगळं नाव, कधी दोन हजार, कधी पाच हजार. परराज्यांतली वाटावीत अशी नावं, जी पुन्हा दिसत नाहीत. मला समजलं नाही म्हणून मी आमच्या लिपिकाला दाखवलं. पंचविशीतला मुलगा, बघताक्षणी म्हणाला, ‘‘आयडी घेतलाय, सर.’’

आयडी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर एक नंबर मिळतो. त्याला पैसे पाठवले की तो परदेशात बसलेल्या साइटचं खातं उघडून देतो. पैसे जातात भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांत, कुणा विद्यार्थ्याच्या, कुणा मजुराच्या नावावर काढलेल्या. ही खाती चार-आठ दिवसांत बदलतात, म्हणून उताऱ्यावर रोज नवं नाव. ऑनलाइन सट्ट्याच्या महादेव ॲपच्या प्रकरणात २०२३ मध्ये हीच रचना उघड झाली. भिलाईची माणसं, दुबईतला कारभार, गावोगाव पॅनल, म्हणजे सट्ट्याच्या शाखा, चालवणारे लोक. त्या नोव्हेंबरात सरकारने महादेवसह २२ ॲप आणि साइट बंद केल्या, आणि २०२२ पासून २०२५ च्या मध्यापर्यंत असे बंदीचे आदेश दीड हजारांच्या आसपास निघाले. एक साइट बंद होते तेव्हा तिच्या नावापुढे आकडा जोडून दुसरी उघडते.

आधीच्या कंपन्या सज्जन होत्या असं मला म्हणायचं नाही. पण त्यांच्याकडे पॅन होतं, पत्ता होता, हरलेल्या पैशाचा हिशेब होता, तक्रार करायला जागा होती. आयडी देणाऱ्याकडे यातलं काहीच नाही. तो उधारीवर खेळू देतो आणि वसुलीला माणसं पाठवतो. पहिल्या उताऱ्यात आमच्या सभासदाने बहुतेक वेळा पाचशे भरले होते. दुसऱ्यात दोन ते पाच हजार.

सरकारचा अंदाज असा होता की ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात. हे आकडे बहुतेक वर्तमानपत्रांनी मथळ्यात छापले. भागाकार मात्र कुणी केलेला मी पाहिला नाही. माणशी वर्षाला साडेचारशे रुपयेही होत नाहीत. साडेचारशे रुपयांनी कुणाचं घर मोडत नाही. म्हणजे जे घडतंय ते या सरासरीच्या आड घडतंय. कोट्यवधी लोक शे-दोनशे घालवतात आणि विसरून जातात, आणि थोडे लोक सगळं घालवतात. जुगाराचा धंदा जगभर असाच चालतो, मिळकतीचा मोठा वाटा मोजक्या, पार बुडालेल्या गिऱ्हाइकांकडून येतो. बंदीमुळे ते कोट्यवधी लोक सहज बाजूला होतील, आकडा कोसळेल, आणि यश जाहीर करता येईल. थोडे लोक तिथेच राहतील.

मोजमापाची दुसरी अडचणही आहे. व्यसनाधीनतेची देशव्यापी पाहणी एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारू, गांजा, अफू, गुंगीच्या गोळ्या, इंजेक्शनं, सगळं तिच्यात राज्यवार मोजलेलं आहे. ती पदार्थांची पाहणी होती. जुगार तिच्या कक्षेतच नव्हता. बंदीपूर्वी महाराष्ट्रात किती लोक जुगाराच्या व्यसनाने आजारी होते याची तशी मोजणीच झाली नाही, तर दोन वर्षांनी कमी झाले का हे कशाशी ताडून पाहणार?

आपल्या राज्याला बंदीचा अनुभव भरपूर आहे, आणि तो एकसारखा नाही. गुटखा जुलै २०१२ पासून बंद आहे. कोणत्याही एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर विचारा. चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये, अवैध दारू आणि गुन्हे वाढल्याचं कारण देऊन, उठवली गेली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तिथेही चोरटी दारू मिळते, मिळत नाही असं कुणी म्हणत नाही. पण तिथे २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने मुक्तिपथ हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम चालतो. गावोगावी समित्या, तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची सोय, बायकांचा रेटा. शेजारशेजारचे जिल्हे, कायदा तोच, फरक माणसांच्या कामाचा. मला गडचिरोलीकडून शिकायचं आहे. कायद्याने दुकान बंद होतं. त्या दुकानात रोज जाणाऱ्याचा हात धरायला माणूस लागतो, आणि तो माणूस ऑगस्ट २०२५ च्या कायद्यात कुठेच नाही. ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन आहे, प्राधिकरण आहे, झडतीचे आणि अटकेचे अधिकार आहेत. उपचारासाठी निधी नाही.

ब्रिटनमध्ये जुगार कायदेशीर आहे आणि तिथल्या लोकांनी त्याची मोठी किंमत मोजली आहे. त्यांचं सगळं अनुकरण करावं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या तीन गोष्टी मला आपल्या कामाच्या वाटतात. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला बंदी आहे. उसन्या पैशावर खेळायचं नाही. गॅमस्टॉप नावाची एक नोंदवही आहे, तिच्यात माणसाने स्वतःचं नाव एकदा घातलं की परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना त्याला बाहेर ठेवावं लागतं. आणि एप्रिल २०२५ पासून जुगार कंपन्यांवर सक्तीची पट्टी बसवली आहे, तिचा निम्मा पैसा सरकारी आरोग्यसेवेतून होणाऱ्या उपचारांना जातो. आपण ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांवर २८ टक्के जीएसटी घेतला, तोही खेळायला भरलेल्या पूर्ण रकमेवर. त्यातला ठरावीक हिस्सा उपचारासाठी राखून ठेवावा असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

आता त्या घालवलेल्या संधीबद्दल. कंपन्यांनी खेळ बंद केले तेव्हा त्यांच्याकडे प्रत्येक खेळाडूचं नाव, फोन नंबर, बँक खातं आणि त्याने किती गमावले याचा पैशापर्यंतचा हिशेब होता. शिल्लक रक्कम परत करण्यासाठी त्यांनी प्रत्येकाला संदेश पाठवले. वर्षाला समजा लाखाच्या वर गमावलेल्या प्रत्येक माणसाला त्याच संदेशात चार ओळी जास्त लिहा, असा आदेश सरकारला देता आला असता. तुम्हाला आता बेचैनी होईल, झोप लागणार नाही, कुणीतरी आयडी देऊ करेल, घेऊ नका, १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या तालुक्यात हा नंबर माहीत असलेला माणूस मला भेटलेला नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून व्यसनी माणसाला माणूस म्हणून वागवायला महाराष्ट्राला शिकवतं आहे. ज्ञान आपल्याकडे आहे, माणसं आहेत. ज्यांना गरज होती त्यांची यादी त्या आठवड्यात कंपन्यांच्या हातात तयार होती. माझ्या समजुतीनुसार ती कुणी मागितली नाही. आमच्या सभासदाच्या उताऱ्यावरचे ते दहा कोरे दिवस मी विसरू शकत नाही. त्या दहा दिवसांत तो खेळत नव्हता. त्या दहा दिवसांत त्याला एक फोन यायला हवा होता.

राहिलं कर्ज. या सगळ्या चर्चेत खेळ पुरवणाऱ्याबद्दल बोललं जातं, कर्ज पुरवणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. जुगाराचं व्यसन दारूपेक्षा एका बाबतीत वेगळं आहे. दारुड्याचं शरीर कुठेतरी थांबतं. जुगारी माणूस फक्त पैसे संपले की थांबतो, म्हणून उसने पैसे जितके सहज मिळतात तितकं त्याचं तळ गाठणं लांबतं आणि तळ खोल जातो. पगारतारण, सोनेतारण, क्रेडिट कार्ड, मग आठवडाभराची कर्जं देणारी ॲप, मग जामीनदार मित्र. या साखळीत पतसंस्थाही एक कडी आहे, आणि मी त्या कडीचा भाग आहे. घरदुरुस्तीच्या नावाने आम्ही दिलेले तीन लाख कुठे गेले ते पुढच्या उताऱ्यात दिसलं. आम्ही नियम मोडला नव्हता. वसुलीही नीट चालू होती, पगारातून कापूनच घेत होतो, त्यामुळे आमच्या थकबाकीच्या यादीत त्याचं नाव कधी आलंच नाही. सहकार खात्याच्या तपासणीत ते कर्ज उत्तम ठरलं असतं.

या वेळी आम्ही तातडीचं कर्ज दिलं नाही. चार दिवसांनी त्याची बायको कार्यालयात आली. मला वाटलं जाब विचारायला आली असावी. ती शांतपणे समोर बसली आणि म्हणाली, ‘‘नाही म्हणालात ते बरं केलंत. पण मला एक सांगा दादा, यांचं नाव कुठं नोंदवता येतं का? कुणीच यांना कर्ज देऊ नये म्हणून?’’

मी तिला सांगितलं की अशी नोंदवही आपल्याकडे नाही. ती जावी असं वाटेना म्हणून चहा मागवला. मग आमच्या सचिवांनी सुचवलं की सभासदानेच स्वतःहून लिहून दिलं तर निदान आपल्या संस्थेपुरतं करता येईल. दोन दिवसांनी नवरा-बायको दोघं आले. साध्या कागदावर त्याने लिहिलं की मला तीन वर्षं कोणतंही कर्ज देऊ नये, मी मागितलं तरी, आणि मागितलं तर माझ्या पत्नीला कळवावं. हात थरथरत होता, सही दोनदा करावी लागली. आम्ही त्याला १४४१६ वर तिथूनच फोन लावून दिला आणि खोलीचं दार ओढून बाहेर थांबलो. तो पाऊण तास बोलत होता.

तो अर्ज आम्ही कर्ज समितीपुढे ठेवला. उपविधींत अशी तरतूद नाही, म्हणून दप्तरी दाखल असा शेरा मारून फाइलला लावला. जवळच्या दोन पतसंस्थांच्या अध्यक्षांना मी स्वतः भेटून विचारलं, तुमच्याकडे असा अर्ज आला तर पाळाल का. एक हो म्हणाले. दुसरे म्हणाले, कर्ज मागणाऱ्याला नाही म्हणायचा अधिकार आपल्याला आहे का ते आधी उपनिबंधकांना विचारू. ते पत्र आता गेलं आहे.